इलेक्ट्रिक गिटारचे नॉब आणि स्विच आपल्या हाताला जुळवून घेताना

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे बरेच जण व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब दहावर नेऊन ठेवतात आणि पुढे त्यांना हात लावत नाहीत. आवाजात बदल हवा असेल तर पेडल दाबायचं, नाहीतर उठून अँपकडे जायचं. यात वादकाचा आळस नसतो. त्या नॉबनी त्याला कधी नीट साथच दिलेली नसते. व्हॉल्यूम नऊवर आणला तर आवाज धाडकन पडतो किंवा काहीच होत नाही, सहावर आणला तर सगळी धार जाते. टोन बराच वेळ फिरवला तरी फरक कळत नाही आणि शेवटी एकदम सगळं बोदं होऊन जातं. हे सगळं सुधारता येतं. त्यासाठी नवे पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकाची कॉइल) लागत नाहीत आणि लाकडाला भोकही पाडावं लागत नाही. एक-दोन सुटे भाग, थोडं सोल्डरिंग आणि बराचसा विचार, एवढं पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढचं सगळं साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह पिकअपच्या गिटारसाठी आहे. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि ॲक्टिव्ह पिकअप असतील, तर तिथे बहुधा २५ किलोओहमचे पॉट (पोटेन्शियोमीटर, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर) असतात आणि त्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना हे प्रयोग लावू नका.

आधी हात काय मागतोय ते पाहा

सोल्डरिंग आयर्न तापवण्यापूर्वी काही दिवस नेहमीसारखं वाजवा, फक्त तारा छेडणाऱ्या हाताकडे लक्ष असू द्या. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबपर्यंत सहज पोचते का? की जोरात ऱ्हिदम वाजवताना तोच नॉब हाताला लागून आपोआप खाली येतो? पिकअप निवडणाऱ्या सिलेक्टर स्विचच्या किती जागा तुम्ही खरोखर वापरता? सोलो सुरू होताना पेडलवर पाय जातो तो आवाज मोठा करायला, की त्यात जास्त डिस्टॉर्शन आणायला? जे दिसेल ते कागदावर लिहून काढा. कुठला बदल करायचा हे या कागदावरूनच ठरवा. दुसऱ्याच्या गिटारमध्ये काय आहे हे पाहून ठरवू नका.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या प्रसिद्ध 'फ्रँकनस्ट्रॅट' गिटारवर कामाचा नॉब एकच होता, व्हॉल्यूमचा, आणि त्यावर बसवलेल्या नॉबवर अक्षरं मात्र 'टोन' अशी होती. 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेच्या 'रेड स्पेशल' गिटारवर याच्या अगदी उलट, प्रत्येक पिकअपला चालू-बंदचा एक आणि फेज (सिग्नलची दिशा) उलटवणारा एक, असे सहा स्विच आहेत. दोघांनी आपापल्या वाजवण्याला जे हवं तेच ठेवलं. तुम्ही टोन कधीच वापरत नसाल तर तो काढून टाकायला अजिबात संकोच करू नका. रिकाम्या झालेल्या जागेचा काहीतरी उपयोग होतोच.

काही तक्रारी तर वायरिंगपर्यंत पोचतच नाहीत. नेक (मानेकडचा) पिकअप फार जाड आणि ब्रिजकडचा फार पातळ वाटत असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन नेक पिकअप थोडा खाली आणि ब्रिज थोडा वर करा. अर्ध्या फेऱ्यानेसुद्धा फरक ऐकू येतो. हे करून पाहिल्याशिवाय गिटार उघडू नका.

आत काय चालतं

पिकअपमधून निघालेला सिग्नल स्विच आणि व्हॉल्यूम पॉटमधून जॅककडे जातो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये (थोडक्यात स्ट्रॅट) स्विच आधी आणि व्हॉल्यूम नंतर असतो. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये प्रत्येक पिकअपचा स्वतंत्र व्हॉल्यूम आधी आणि स्विच नंतर. टोनचा पॉट या वाटेच्या कडेला जोडलेला असतो आणि कपॅसिटरच्या मदतीने वरचे स्वर ग्राउंडकडे वळवतो.

पॉटला तीन पाय असतात. पॉटची पाठ आपल्याकडे आणि पाय खाली अशा स्थितीत डावा पाय इनपुटचा, मधला आउटपुटचा आणि उजवा ग्राउंडचा. व्हॉल्यूमच्या पॉटवर हा उजवा पाय वाकवून पॉटच्या पाठीलाच सोल्डर केलेला दिसेल. डावखुऱ्या गिटारमध्ये हे उलट असू शकतं. शंका आली तर नॉब दहावर नेऊन मल्टिमीटर लावा. मधला पाय आणि इनपुटचा पाय यांच्यातला रोध तेव्हा जवळपास शून्य दाखवायला हवा.

पॉटवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, किंमत (पैशांतली नव्हे, रोधाचा आकडा) आणि जात. सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपना साधारण २५० किलोओहम आणि हंबकरना (दोन कॉइलच्या, गुणगुण दाबणाऱ्या पिकअपना) ५०० किलोओहम ही रूढ जोडी आहे. पॉटची किंमत जितकी कमी तितका पिकअपवरचा भार जास्त, आणि तितका वरचा टोकदारपणा बोथट होतो. म्हणूनच हंबकर कानाला टोचत असेल तर पिकअप बदलण्याआधी २५० चा पॉट लावून पाहावा. सिंगल कॉइल फारच मऊ वाटत असतील तर ५०० चा. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं.

हत्यारं आणि उघडणं

सोल्डरिंग आयर्न किमान ४० वॉटचं आणि चपट्या टोकाचं घ्या. बारीक टोकाच्या लहान आयर्नने पॉटची पाठ तापतच नाही. सोल्डर इलेक्ट्रॉनिक्सचं, आत रोझिन असलेलं हवं. नळकामाचं आम्लयुक्त फ्लक्स वापरलंत तर काही महिन्यांत वायरी गंजतील. याशिवाय मल्टिमीटर, सोल्डर ओढून घेणारा पंप, दोन-चार क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी आणि डोळ्यांना चष्मा. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं.

उघडण्याआधी एक मोजमाप करून ठेवा. गिटारला केबल लावा, सगळे नॉब दहावर न्या आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगची टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागची नळी) यांच्यात रोध मोजा. स्विचच्या प्रत्येक जागेचा आकडा लिहा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम, जुन्या धाटणीच्या हंबकरला ७ ते ९ आणि जोरकस हंबकरला १४-१६ पर्यंत आकडा दिसतो. काम संपल्यावर हेच आकडे पुन्हा आले पाहिजेत. न आल्यास अँपला न जोडताच चूक कळते, आणि ती कुठल्या पिकअपच्या वाटेवर आहे हेही कळतं.

लेस पॉलसारख्या गिटारला मागे झाकण असतं, त्यामुळे तारा काढाव्या लागत नाहीत. स्ट्रॅटसारख्या गिटारचा पिकगार्ड उचलायचा तर तारा उतरवाव्याच लागतात. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज) असेल तर आधी ब्रिजच्या मागे पोकळीत जाड पुठ्ठा किंवा लाकडाची चकती सरकवा, म्हणजे तारा काढल्यावर ब्रिज जागचा हलणार नाही. आत दिसेल त्याचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. फोटोत रंग फसवतात, म्हणून हाताने आकृतीही काढा आणि प्रत्येक वायरला नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा.

नवा पॉट घेताना गळ्याचा व्यास पाहा. अमेरिकन धाटणीच्या पॉटला सुमारे साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, मेट्रिक पॉटना सहसा सात-आठचं. जाड लाकडातून बाहेर यायचं असेल तर लांब गळ्याचा पॉट हवा, पिकगार्डला आखूड पुरतो. दांड्याचे दातेही दोन प्रकारचे असतात, त्यामुळे जुना नॉब नव्या पॉटवर बसेलच असं नाही.

व्हॉल्यूम: सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं

एकच बदल करायचा असेल तर तो व्हॉल्यूममध्ये करा, असं माझं ठाम मत आहे. डिस्टॉर्शनवर ठेवलेला अँप आणि नीट वागणारा व्हॉल्यूम एवढ्यावर अख्खा कार्यक्रम वाजवता येतो.

पहिली निवड पॉटच्या जातीची. 'ए' म्हणजे ऑडिओ, 'बी' म्हणजे लिनियर, अशी खूण बहुतेक आधुनिक पॉटवर असते. लिनियर पॉट पाचवर असताना सिग्नल निम्मा राहतो, म्हणजे ६ डेसिबलची घट. कानाला ती फार मोठी वाटत नाही, आणि खरी घसरण शेवटच्या दोन-तीन आकड्यांत होते. ऑडिओ पॉट पाचवर असताना सिग्नल दहा ते पंधरा टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे १६ ते २० डेसिबलची घट. ती कानाला 'अर्ध्यावर आला' अशी वाटते. आता आपला कागद काढा. करंगळीने सूर हळूहळू फुलवत आणायची सवय असेल तर ऑडिओ घ्या. लिनियरवर तो सूर शून्यातून एकदम उसळी मारतो. भरपूर डिस्टॉर्शन असताना व्हॉल्यूम थोडासा कमी करून आवाज स्वच्छ करायची सवय असेल तर लिनियर हाताला जास्त लागतो. दहा ते सात या टप्प्यात ऑडिओ पॉट धडाधड खाली येतो, लिनियरमध्ये तोच टप्पा बारीक बारीक पायऱ्यांनी उतरता येतो.

दुसरा प्रश्न धार जाण्याचा. व्हॉल्यूम कमी केला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये पॉटचा रोध येतो, आणि केबलमध्ये स्वतःची कपॅसिटन्स असतेच, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून वरचे स्वर कापणारं फिल्टर तयार होतं. ५०० किलोओहमच्या पॉटचा रोध बरोबर मध्यावर असेल आणि केबल पाच मीटरची असेल, तर हे कापणं साधारण २५०० हर्ट्झपासूनच सुरू होतं. पिकचा खणखणीतपणा नेमका त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो. तेव्हा आपली गिटार 'मंद' आहे असं ठरवण्याआधी आखूड केबल लावून ऐका.

यावर दोन उपाय आहेत. लेस पॉलसारख्या किंवा एक व्हॉल्यूम-एक टोन असलेल्या गिटारमध्ये सोपा उपाय म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं वायरिंग. आजकाल टोनची जोडणी बहुधा व्हॉल्यूमच्या इनपुट पायावर असते. ती तिथून सोडवून मधल्या पायावर आणायची. नवा भाग एकही नाही, सोल्डरचा एक डाग काढायचा आणि एक द्यायचा. व्हॉल्यूम कमी केला तरी धार बरीच टिकते. बदल्यात टोन खाली आणला की आवाजही किंचित बसतो. मला ही देवाणघेवाण आवडते, कारण दोन्ही नॉब एकमेकांशी बोलायला लागतात. कुणाला हे त्रासाचं वाटेल, आणि ते परत पूर्वीसारखं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

स्ट्रॅटमध्ये टोनच्या वायरी स्विचवरून जातात, म्हणून तिथे दुसरा उपाय बरा, ट्रेबल ब्लीड. व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायांमध्ये एक छोटा कपॅसिटर आणि त्याला समांतर एक रेझिस्टर. सुरुवातीला १००० पिकोफॅरड, ज्यावर १०२ असं छापलेलं असतं, आणि १५० किलोओहम घ्या. नुसता कपॅसिटर लावला तर तीन-चारवर आवाज इतका पातळ होतो की खालचा भाग उरतच नाही. रेझिस्टर तो तोल सांभाळतो, पण त्याने पॉटची चाल थोडी बदलते आणि ऑडिओ पॉट थोडा लिनियरसारखा वागू लागतो. हे नको असेल तर १२०० पिकोफॅरड आणि १३० किलोओहम एकामागे एक जोडा. चाल मग बरीचशी मूळची राहते.

यातलं काहीही लगेच सोल्डर करू नका. दोन्ही पायांना क्रोकोडाइल क्लिप लावा, वायरी पोकळीबाहेर काढा आणि बाहेरच्या टोकांना भाग बदलून बदलून लावा. तुमच्या रोजच्या केबलने, रोजच्या अँपवर, रोजच्या आवाजात वाजवा. नॉब दहा, आठ, सहा, चार असा उतरवत एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका. आवाज बारीक झाला पण स्वभाव तोच राहिला, असं वाटलं की ती जोडी तुमची. मग सोल्डर.

आणि सोल्डर करताना पॉटच्या पाठीला घाई नको. आधी ती बारीक सँडपेपरने खरवडून चमकवा. आयर्नचं चपटं टोक पूर्ण टेकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग सोल्डर टोकाला न लावता पाठीला लावा. पाठ पुरेशी तापली असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि कडा धातूला चिकटून सपाट होतात. गोळी होऊन नुसतं वर बसलं तर तो डाग कच्चा आहे, वायर ओढली की निघून येईल. दहा सेकंदांत जमलं नाही तर हात काढा आणि पॉट थंड होऊ द्या. आतली कार्बनची पट्टी उष्णतेने खराब होते.

दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर आणखी एक अडचण येते. स्विच मध्ये असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप गप्प. काहींना नेमकं हेच हवं असतं, काहींना दोन पिकअप प्रमाणात मिसळायचे असतात. मिसळायचे असतील तर प्रत्येक व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायावरच्या वायरींची अदलाबदल करा. मात्र मग व्हॉल्यूम कमी करताना धार अधिकच जाते, आणि वर सांगितलेले दोन्ही उपाय इथे पूर्वीसारखे चालत नाहीत.

टोन

टोनच्या कपॅसिटरच्या धातूवरून आणि तेलावरून खूप वाद होतात. मला त्यात वेळ घालवण्यासारखं काही दिसत नाही. ऐकू येतो तो फरक किमतीचा, म्हणजे मायक्रोफॅरडच्या आकड्याचा. हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड (खूण २२३) आणि सिंगल कॉइलला ०.०४७ (खूण ४७३) हे रूढ आकडे. टोन शून्यावर नेल्यावर सगळंच बुडतं असं वाटत असेल तर कमी किमतीचा घ्या. ०.०१ किंवा ०.००४७ ने शेवटच्या टोकाला नाकातून आल्यासारखा मधला आवाज उठतो आणि सोलोला तो फार छान लागतो. पण तुम्ही टोन सहाच्या खाली कधी नेतच नसाल तर कपॅसिटर बदलून काही ऐकू येणार नाही, कारण तिथे पॉटचा रोधच राज्य करतो.

जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोनच नसतो, एक टोन नेकचा आणि एक मधल्याचा. सगळ्यात टोचणारा पिकअप मोकाट सुटलेला. स्विचच्या टोनच्या बाजूला मधल्या पिकअपच्या पायावरून ब्रिजच्या पायावर एक छोटी वायर टाकली की दुसरा टोन दोघांना मिळतो. ब्रिज पिकअपवर वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

स्विच आणि पुश-पुल

स्ट्रॅटोकास्टर १९५४ ला आली तेव्हा तिचा स्विच तीन जागांचा होता. वादकांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायला सुरुवात केली, आणि १९७७ मध्ये कारखान्यातूनच पाच जागांचा स्विच येऊ लागला. तरीही नेक आणि ब्रिज एकत्र, किंवा तिन्ही एकत्र, हे त्यावर मिळत नाही. 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिल्मोरने आपल्या काळ्या स्ट्रॅटवर यासाठीच एक छोटा स्विच बसवला होता. आपण भोक न पाडता हे पुश-पुल पॉटने, म्हणजे नॉब ओढल्यावर स्विचचंही काम करणाऱ्या पॉटने, करू शकतो. टोनच्या जागी पुश-पुल बसवा, नेक पिकअपच्या गरम (सिग्नल नेणाऱ्या) वायरीवरून एक जोड त्याच्या स्विचच्या मधल्या पायावर आणा आणि शेजारच्या पायावरून व्हॉल्यूमच्या इनपुटला न्या. नॉब वर ओढला की नेक पिकअप सिलेक्टरची पर्वा न करता चालू. ओढल्यावर कुठला शेजारी पाय जुळतो हे मात्र मल्टिमीटरच्या 'बीप'नेच तपासा.

हंबकर असेल तर पुश-पुलचा नेहमीचा उपयोग म्हणजे कॉइल स्प्लिट, दोनपैकी एकच कॉइल वाजवणं. त्यासाठी पिकअपला चार वायरी आणि एक उघडी तार हवी. दोन कॉइलना जोडणाऱ्या दोन वायरी एकत्र करून मधल्या पायावर आणायच्या आणि ओढल्यावर जुळणारा पाय ग्राउंडला जोडायचा. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. सेमोर डंकनमध्ये काळी गरम, पांढरी आणि लाल जोडीची, हिरवी ग्राउंडची. डीमार्झिओमध्ये लाल गरम, काळी आणि पांढरी जोडीची, हिरवी ग्राउंडची. दुसरी कंपनी असेल तर तिची आकृती पाहूनच हात घाला. स्प्लिट केल्यावर आवाज लहान होतो आणि गुणगुण परत येते. ते सोसवत नसेल तर दोन कॉइल समांतर जोडणारं वायरिंग करा, त्यात पातळपणा मिळतो आणि गुणगुणही दबलेली राहते. किंवा ग्राउंडच्या वाटेत काही किलोओहमचा रेझिस्टर घाला, म्हणजे दुसरी कॉइल थोडी चालू राहून आवाज भरीव होतो.

आवाज तुकड्या-तुकड्याने तोडायची आवड असेल तर किल स्विच. दाबेपर्यंतच जुळणारं बटण गरम वायर आणि ग्राउंड यांच्यात जॅकजवळ लावायचं. दोन व्हॉल्यूमच्या गिटारला याची गरज नाही. एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवून टॉगल स्विच मागेपुढे हलवला की तेच काम होतं, 'रेज अगेन्स्ट द मशीन'चा गिटारवादक टॉम मोरेलो तसंच करतो.

एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर आठवडाभर तरी वाजवा. एकदम चार बदल केले तर आवाज कशाने सुधारला आणि कशाने बिघडला हे सांगता येत नाही.

बंद करण्याआधी

झाकण लावण्याआधीच केबल लावून सुरुवातीचे आकडे पुन्हा मोजा. मग अँपचा आवाज कमी ठेवून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या खांबांवर हळूच टकटक करा आणि स्विचच्या प्रत्येक जागी योग्य तोच पिकअप बोलतोय ना ते पाहा. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढली तर जॅकवरच्या वायरी उलट्या आहेत. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर सुटली आहे. व्हॉल्यूम उलटा चालत असेल तर पॉटच्या बाहेरच्या दोन पायांची अदलाबदल झाली आहे. दोन पिकअप एकत्र केल्यावर आवाज पोकळ आणि नाकातला येत असेल तर एकाची फेज उलटी आहे. त्या एकाच्याच दोन वायरी बदला, पण पिकअपवर धातूचं कव्हर असेल तर ते ज्या वायरीला जोडलंय ती ग्राउंडलाच राहिली पाहिजे. पिकगार्ड बसवल्यावरच आवाज बंद होत असेल तर पोकळीतल्या शील्डिंगच्या पत्र्याला एखादा उघडा पाय टेकतोय. त्याला चिकटपट्टी लावा.

काढलेले जुने पॉट आणि कपॅसिटर एका पाकिटात, तुम्ही काढलेल्या आकृतीसह, गिटारच्या केसमध्ये ठेवा. नव्या वायरिंगची आकृतीही त्यातच घाला आणि त्यावर तारीख टाका.